सांध्याला हात लावायची भीती : हाडं, सांधे, स्नायू शिकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थ्याला छाती तपासायला सांगा. स्टेथोस्कोप कानात जातो आणि हात सवयीने योग्य जागी पडतो. त्याच विद्यार्थ्याला सांगा, "आता यांचा गुडघा बघ." तो रुग्णाच्या पायाशी जातो, वाटीवर बोट ठेवतो, गुडघा एकदा वाकवतो, सरळ करतो आणि माझ्याकडे बघतो. त्या नजरेचा अर्थ मला पाठ आहे : "आता पुढे काय करायचं, सर?"

ही भीती नवी नाही. फ्रीडमन आणि बर्नस्टाइन या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये अमेरिकेत नुकत्याच डॉक्टर झालेल्या ८५ जणांना २५ प्रश्नांची साधी परीक्षा दिली. प्रश्न हाडासांध्यांचे, रोजच्या व्यवहारातले. उत्तीर्ण होण्याची रेषा ऑर्थोपेडिक्सच्या विभागप्रमुखांच्या मतावरून ७३.१ टक्के ठरली होती. ७० जण नापास झाले. ऑर्थोपेडिक्सवाले जरा जास्तच कडक असतात, अशी शंका येणं साहजिक होतं. म्हणून पुढे मेडिसिनच्या लोकांकडून रेषा ठरवून घेतली, ती ७० टक्क्यांवर आली, आणि तरीही ७८ टक्के नापासच राहिले. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १७१ कोटी लोकांना हाडं, सांधे, स्नायूंचा काही ना काही त्रास आहे. तुम्ही कुठल्याही शाखेत गेलात तरी दुखरी कंबर आणि सुजलेला गुडघा तुमच्यापर्यंत येणारच.

खोट विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नाही, शिकण्याच्या रचनेत आहे. ॲनाटॉमी पहिल्या वर्षी होते आणि सांध्यावर हात पडेपर्यंत विसरून जाते. विषय ऑर्थोपेडिक्स, संधिवात, न्यूरॉलॉजी आणि पुनर्वसन यांच्यात वाटला गेलाय, त्यामुळे त्याची पूर्ण जबाबदारी कुणाचीच नसते. वॉर्डात दिसतात ते ऑपरेशन झालेले, प्लास्टरमध्ये झाकलेले पाय. बाहेर भेटणारा रुग्ण म्हणतो, "खांदा वर जात नाही." तो वॉर्डात कधी भरतीच होत नाही. म्हणून पोस्टिंगमध्ये निवड करायला मिळाली तर वॉर्डापेक्षा ओपीडी घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये रिट्रॅक्टर (चिरलेली जागा उघडी धरायचं हत्यार) धरून चार तास उभं राहिल्याचा अभिमान वाटतो खरा, पण त्यातून खांदा तपासता येत नाही.

पहिली पायरी : आज कुठे आहात ते लिहून काढा

कागदावर सात भाग लिहा : हात-मनगट, कोपर, खांदा, मान-पाठ, खुबा, गुडघा, घोटा-पाऊल. प्रत्येकापुढे आपल्या आत्मविश्वासाला दहापैकी गुण द्या. मग एखाद्या रेसिडेंटला किंवा वरच्या वर्गातल्या मित्राला समोर बसवा, त्यातले दोन भाग करून दाखवा आणि त्याच्याकडूनही गुण घ्या. दोन आकड्यांमध्ये अंतर निघणार, बहुधा दोन्ही दिशांनी. गुडघ्याला आठ दिलेले असतात आणि प्रत्यक्षात सूज तपासायचीच राहून जाते. हाताला तीन दिलेले असतात आणि काम ठीकठाक निघतं. आत्मविश्वास वाढवणं हे आपलं ध्येय नाही. तो आणि हातातलं कौशल्य एका पातळीवर यायला हवेत. भित्रा विद्यार्थी रुग्णाला निदान वरिष्ठांकडे तरी पाठवतो. फाजील धीट असलेला घरी पाठवतो.

दुसरी पायरी : स्वतःच्या अंगावर पेन फिरवा

पुस्तक मिटा. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खालून नडगीकडे जाणारी जाड दोरी म्हणजे पटेलर टेंडन. तिच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवलेत की मऊ खळगे लागतात. तिथून अंगठे मागे मागे सरकवा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, आणि मधली ती फट म्हणजे जॉइंट लाइन. पेनने रेघ मारा. मेनिस्कस (दोन हाडांमधली कुर्चेची गादी) फाटल्यावर दुखतं ते बहुतेक याच रेघेवर. लिगामेंटचं (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचं) दुखणं रेघेच्या वर किंवा खालीही असू शकतं. हा फरक ज्याच्या बोटाला कळला त्याचं अर्धं काम झालं.

याच पद्धतीने अंगठा ताणून मनगटावरचा खळगा शोधा, त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं लहान हाड आहे. मग खांद्यावर कॉलरबोनवरून बोट बाहेर नेत नेत ॲक्रोमियनपर्यंत, म्हणजे खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत जा. घोट्याची दोन्ही टोकं आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवरचा पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) उंचवटाही सापडला पाहिजे. रोज एक भाग, दहा मिनिटं. आठवड्यात संपतं.

तिसरी पायरी : पन्नास निरोगी माणसं तपासा

सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोबदला हीच देते. हृदयाचा मर्मर ओळखू येतो कारण साधे ठोके हजार वेळा ऐकलेले असतात. सांध्याच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याच्या हाताखाली पहिला गुडघा येतो तोच बिघडलेला. मग तो कशाशी ताडून बघणार?

यासाठी जीएएलएस नावाची चाळणी तपासणी आहे. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या संधिवाततज्ज्ञांनी ती मांडली : चाल, हात, पाय, कणा. नाव यांच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून. सुरुवातीला तीन प्रश्न. स्नायू, सांधे किंवा पाठीत दुखणं वा आखडणं आहे का? कपडे स्वतःचे स्वतः, त्रास न होता घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? नंतर चालवून बघायचं, पुढून-मागून-बाजूने बघायचं, हात डोक्यामागे न्यायला सांगायचं, मूठ वळवायची, बोटांच्या मुळांशी हलकेच दाबायचं, खुबा आणि गुडघा वाकवून फिरवायचा, मान खांद्याकडे झुकवायला सांगायची, पुढे वाकवून कंबरेचे मणके एकमेकांपासून दूर जातात का ते बोटांनी बघायचं. सराव झाला की दोन-तीन मिनिटांत होते. मुलांसाठी तिचं वेगळं रूप आहे, तेही शिकून घ्या.

वर्गमित्र, होस्टेलची खोली, घरातली मोठी माणसं, जो तयार होईल त्याला परवानगी विचारून तपासा. विसाव्या माणसापर्यंत क्रम डोक्यातून हातात उतरतो. तिसाव्याच्या आसपास "यांचा खुबा आत जरा कमी फिरतोय" हे तुम्हाला कुणी न सांगता जाणवतं. हे क्लासमध्ये शिकवता येत नाही.

चौथी पायरी : एक सांधा पूर्ण, शेवटपर्यंत

बघा, चाचपा, हलवा. ब्रिटिश ऑर्थोपेडिक सर्जन ॲलन ॲप्ली यांनी रुजवलेला हा क्रम कुठल्याही सांध्याला चालतो. त्याला दोन गोष्टी जोडा : सांध्याने काम काय होतं, आणि वरचा-खालचा सांधा. गुडघा जरा जवळून पाहू.

आधी पँट काढायला लावा, अर्थात आडोसा करून आणि चादर देऊन. इंटर्न असताना मी एका तरुणाचा गुडघा पँट गुंडाळून तपासला होता. "काही विशेष नाही" असं लिहिलं. सरांनी दोन्ही मांड्या उघड्या करून शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. दुखऱ्या बाजूची मांडी लांबूनही बारीक दिसत होती. म्हणजे तो कित्येक आठवडे तो पाय वाचवत होता आणि मी ते कापडाखाली झाकून ठेवलं होतं.

बघून झालं की हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही गुडघ्यांची उष्णता ताडा. वाटीवरची त्वचा एरवी आजूबाजूपेक्षा किंचित गार असते. ती गरम लागली तर थांबून विचार करा.

मग आतलं पाणी. थोडं असेल तर पुसून बघायची चाचणी : पाय सरळ, सैल. वाटीच्या आतल्या बाजूचा खळगा तळहाताने खालून वर मांडीकडे पुसा, म्हणजे पाणी वर सरकेल. लगेच बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा आणि नजर आतल्या खळग्यावर ठेवा. तो हळूच भरून आला तर पाणी आहे. इथे बहुतेकांचं चुकतं कारण ते हाताकडे बघतात, खळग्याकडे नाही. पाणी बऱ्यापैकी असेल तर वरची पिशवी एका हाताने दाबून वाटी खाली टेकवा, टक्कन लागते.

आता रुग्णाला पाय सरळ ठेवून उचलायला सांगा. एवढं साधं करायचं राहतं आणि तुटलेलं क्वाड्रिसेप्स टेंडन "मुरगळलंय" म्हणून घरी जातं. त्यानंतर वाकवणं, जॉइंट लाइन, बाजूची लिगामेंट सरळ आणि ३० अंशांत.

पुढच्या क्रूसिएटसाठी (गुडघ्याच्या आतलं, नडगीला पुढे सरकू न देणारं लिगामेंट) लॅकमन चाचणी ड्रॉवर चाचणीपेक्षा भरवशाची. ड्रॉवरमध्ये गुडघा काटकोनात वाकवून नडगी ओढतात. गुडघा २० ते ३० अंश वाकलेला, एक हात मांडीवर, दुसरा नडगीवर, नडगी पुढे ओढायची. किती सरकते यापेक्षा शेवटी ठाम धक्का लागतो की मऊ, हे महत्त्वाचं. हात लहान असतील आणि मांडी जाड, तर पकडच बसत नाही आणि विद्यार्थिनी स्वतःला दोष देतात. आपला गुडघा पलंगावर टेकवून रुग्णाची मांडी त्यावर ठेवा आणि एका हाताने ती वरून दाबून धरा. दुसरा हात नडगीसाठी मोकळा राहतो. आधी चांगल्या पायावर करा, मगच दुखऱ्यावर.

शेवटी खुबा फिरवून बघा. दहा ते पंधरा वर्षांचं मूल लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतंय आणि गुडघ्यात काहीच सापडत नाही, तेव्हा दुखणं बऱ्याचदा खुब्यात असतं. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून सरकलेलं असू शकतं. खुबा वाकवताना पाय आपोआप बाहेर वळला तर एक्स-रे खुब्याचा काढा, बाजूने घेतलेल्या फिल्मसकट, आणि मुलाला त्या पायावर चालू देऊ नका.

नावाच्या चाचण्यांची यादी पाठ करत बसू नका. प्रत्येक सांध्याला तीन-चार पुरतात, पण त्या नीट यायला हव्यात. खांद्याचं एकच सूत्र सांगतो : रुग्णाला स्वतःहून हात हलवता येत नाही पण तुम्ही हलवल्यावर हलतो, तर संशय रोटेटर कफवर, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या टेंडनवर. तुम्हालाही रुग्णाचं कोपर अंगाशी ठेवून त्याचा हात बाहेर वळवता येत नाही, तर गोठलेला खांदा किंवा झिजलेला सांधा. आकडी किंवा विजेच्या झटक्यानंतर असं झालं असेल तर खांदा मागच्या बाजूला निखळला आहे का ते बघा. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज चुकतो.

पाचवी पायरी : दुखणं कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा

"खुबा दुखतो" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण कंबरेच्या बाजूला हात ठेवतात. खुब्याच्या सांध्याचं दुखणं मात्र बहुधा जांघेत येतं. "खांदा" म्हणून मानेच्या मुळाशी हात गेला तर आधी मान तपासा.

वेळ विचारा. सकाळी अंग आखडतं ते किती वेळ? अर्ध्या तासाच्या आत मोकळं होत असेल तर झिजेकडे कल, तासभर टिकत असेल तर दाहाकडे. दुखापतीनंतर गुडघा कधी सुजला? दोन तासांत टम्म झाला तर आत रक्त आहे, क्रूसिएट फाटल्याची दाट शक्यता. दुसऱ्या दिवशी उठल्यावर सूज दिसली तर मेनिस्कसचा विचार आधी करा. हे दोन प्रश्न अनेक चाचण्यांपेक्षा जास्त सांगतात.

सहावी पायरी : जे चुकून चालणार नाही

हे मात्र पाठच हवं, झोपेतून उठवलं तरी.

गरम, सुजलेला, जरा हलवलं तरी ओरडायला लावणारा एकच सांधा : जंतुसंसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत जंतुसंसर्गच. ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रुग्ण फार अस्वस्थ नसेल तर पाणी आधी काढायचं, अँटिबायोटिक नंतर. ते ग्रॅम स्टेन, कल्चर, पेशी आणि स्फटिकांसाठी पाठवा. गाउटचे सुईसारखे स्फटिक सापडले तरी जंतू नाहीत असं होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. सांधा कृत्रिम असेल तर सुई हातात घेऊ नका, सर्जनला बोलवा.

कंबरदुखीत कॉडा इक्विना, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाला असलेल्या नसांच्या जुडग्यावरचा दाब. विद्यार्थी विचारतात, "संडास-लघवी ठीक आहे ना?" रुग्ण लाजून "हो" म्हणतो आणि विषय संपतो. असं विचारा : लघवीला लागलेलं कळतं का? धार सुरू व्हायला वेळ लागतो का? धुताना तिथला स्पर्श नेहमीसारखा लागतो का? यातलं एकही उत्तर खटकलं, किंवा दोन्ही पायांत कळ जाते म्हणाले, तर तातडीचा एमआरआय आणि वरिष्ठांना फोन.

प्लास्टरमधला पाय, औषध देऊनही वाढत जाणारं दुखणं, बोटं ताणल्यावर किंचाळी : कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं. नाडी लागते म्हणून थांबू नका, ती शेवटपर्यंत लागत राहते. प्लास्टर आणि आतला कापूस पूर्ण लांबीत त्वचेपर्यंत कापा, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, सर्जनला उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

याशिवाय रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, सोबत वजन घटणं, ताप किंवा आधीचा कर्करोग. पाय न टेकणारं लहान मूल. सांगितलेल्या हकिकतीशी न जुळणारी मुलाची इजा. ही प्रत्येक गोष्ट स्वतःच्या भरवशावर न ठेवता वर कळवायची असते.

सातवी पायरी : एक्स-रे बघायच्या आधी अंदाज लिहा

एक लहान वही घ्या. रकाने पाच : तारीख, भाग, माझा अंदाज, किती खात्री (५०, ७० की ९० टक्के), शेवटी काय निघालं. फिल्म लाइटबॉक्सवर चढण्यापूर्वी किंवा सर बोलण्यापूर्वी तिसरा आणि चौथा रकाना भरलाच पाहिजे. नंतर "मला वाटलंच होतं" म्हणणं फार सोपं असतं, वही ते करू देत नाही. चाळीस नोंदी झाल्या की मोजा. ९० टक्के खात्रीच्या दहा अंदाजांपैकी सहाच बरोबर निघाले तर तुम्ही अतिधीट आहात. ५० टक्केवाल्यांपैकी आठ बरोबर असतील तर उगाच घाबरताय. पहिल्या पायरीतल्या त्या दोन आकड्यांमधलं अंतर इथे भरून निघतं.

एक्स-रे कधी काढायचा, याचाही अंदाज असतो. मुरगळलेल्या घोट्यासाठी १९९२ मधले ओटावा नियम शिका : घोट्यात दुखतंय आणि कुठल्याही बाजूच्या उंचवट्याच्या टोकावर वा मागच्या कडेच्या शेवटच्या सहा सेंटिमीटरमध्ये हाड दाबल्यावर दुखतं, किंवा इजा झाल्यावर लगेच आणि आत्ताही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. पावलासाठी पाचव्या मेटाटार्सलचं मूळ आणि नॅव्हिक्युलर (पावलाच्या आतल्या बाजूचं हाड). दुसरी पायरी केली असेल तर यातली बहुतेक ठिकाणं बोटांना माहीत आहेत. स्कॅफॉइडच्या खळग्यात दुखत असेल तर पहिली फिल्म स्वच्छ असली तरी मनगट बांधून ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी परत बघा, किंवा सोय असेल तर लवकर एमआरआय करा.

कंबरेच्या एमआरआयबद्दल एक आकडा लक्षात असू द्या. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र तपासणाऱ्या २०१५ मधल्या आढाव्यात डिस्कची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली. रिपोर्टमध्ये "डिजनरेशन" लिहिलंय म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. रुग्णाला "तुमची चकती झिजली" हे वाक्य ऐकवताना जीभ आवरा, लोक ते आयुष्यभर बाळगतात आणि वाकायचं सोडतात.

आठवी पायरी : कुणीतरी बघत असताना करा

"सर, काही सुधारणा सांगा ना" असं विचारलंत तर "छान, वाचत राहा" एवढंच मिळतं. नेमकं मागा : "लॅकमन करताना माझा वरचा हात बघाल का, एक मिनिट?" याला कुणी नाही म्हणत नाही. फिजिओथेरपिस्टकडे दोन दुपारी काढा. त्यांचे हात दिवसभर सांध्यांवर असतात आणि त्यांना शिकवायला वेळही असतो. प्लास्टर रूममधल्या माणसाकडून स्लॅब घालायला शिका.

मित्रांसोबत तिघांचा गट करा : एक रुग्ण, एक डॉक्टर, एक घड्याळ आणि यादी घेऊन बसलेला. पाच मिनिटं, मग जागा बदला. ऑस्कीची (ठरावीक वेळेत एकेका टेबलावर द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) तयारी आपसूक होते, पण रुग्ण झालेल्याला आणखी काहीतरी मिळतं : गार हात आणि घाईने वाकवलेला खांदा कसा लागतो ते.

केस सांगताना आणि त्यानंतर

चार वाक्यांत सांगा : कोण, काय होतं आणि किती दिवस, काय सापडलं, मला काय वाटतं. "पॉझिटिव्ह आला" म्हणण्यापेक्षा "आतल्या जॉइंट लाइनवर मागच्या भागात दाबल्यावर दुखलं" म्हणा. एखादी गोष्ट तपासली नसेल तर "तपासली नाही" म्हणा, "नॉर्मल" म्हणू नका. रुग्णासमोर "मला खात्री नाही, सरांना विचारून सांगतो" म्हणायला जीभ अडखळत असेल तर तेही तिघांच्या गटात मोठ्याने म्हणून बघा.

वहीतला पाचवा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो, कारण पोस्टिंग संपतं आणि रुग्ण नंतर परत येतो. नोंदीत नाव लिहू नका, फक्त फॉलो-अपची तारीख लिहा आणि पोस्टिंग सुटल्यावरही त्या दिवशी ओपीडीत जाऊन उभे राहा. मनगट बांधून घरी पाठवलेला मुलगा दोन आठवड्यांनी आला आणि दुसऱ्या फिल्ममध्ये स्कॅफॉइडवर बारीक रेघ उमटली, तर ती रेघ तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असू द्या.